खांदा वारंवार निखळतो तेव्हा: वाटीचं हाड मोजण्यापासून लाटार्जे शस्त्रक्रियेनंतर मैदानात परतण्यापर्यंत

फाइल हातात आली की मी आधी सीटी स्कॅन शोधतो. बहुतेक वेळा तो नसतोच. समोर विशीतला मुलगा बसलेला असतो, खांदा पाच-सहा वेळा निखळून झालेला. शेजारी वडील किंवा मोठा भाऊ. फाइलमध्ये दोन-तीन एक्स-रे, एक एमआरआय आणि कुठेतरी मिळालेला सल्ला: दुर्बिणीतून टाके घालून घ्या, दुसऱ्या दिवशी घरी. हा सल्ला चुकीचाच असतो असं मी म्हणत नाही. पण खांद्याच्या वाटीचं, म्हणजे दंडाच्या हाडाचा गोळा जिला टेकतो त्या खोबणीचं, हाड किती उरलंय हे मोजल्याशिवाय तो बरोबर आहे असंही कुणाला म्हणता येणार नाही. टाके घालून वर्षभरात खांदा पुन्हा निखळलेली मुलं येतात तेव्हा हे मोजमाप राहून गेल्याचं मनापासून वाईट वाटतं.

हाड जातं कुठे

वाटी म्हणायची पद्धत आहे, पण खांद्याची वाटी खरं तर बशीसारखी उथळ असते. दंडाच्या हाडाचा गोळा तिच्यापेक्षा बराच मोठा. कुठल्याही क्षणी त्याचा पाव ते एक तृतीयांश भागच तिला टेकलेला असतो. म्हणून हात चारी दिशांना फिरतो, आणि म्हणूनच तो निखळतोही सहज. वाटीच्या कडेला, कापडाला गोट लावावी तशी, लेब्रम नावाची चिवट पट्टी असते. खांदा पुढच्या बाजूला निखळला की ही गोट पुढून-खालून उसवते. लंडनच्या ब्लंडेल बँकार्ट या सर्जनने १९२३ साली या दुखापतीवर लिहिलं, म्हणून तुमच्या रिपोर्टवर 'बँकार्ट' हा शब्द दिसतो.

उसवलेलं शिवता येतं. अडचण हाडाची आहे. गोळा बाहेर पडताना दर खेपेला वाटीच्या कडेवरून घासत जातो. कधी पहिल्याच फटक्यात कडेचा टवका उडतो, कधी थोडी थोडी करत कड झिजते. गोळ्याचंही नुकसान होतं. त्याच्या मागच्या बाजूचं हाड वाटीच्या कडेवर आदळतं आणि कणकेच्या गोळ्यावर ताटाची कड दाबावी तशी खाच पडते. हिल आणि सॅक्स या दोन अमेरिकन रेडिऑलॉजिस्टनी १९४० मध्ये ती नीट दाखवून दिली. हात वर करून मागे नेला की ही खाच वाटीच्या कडेत अडकते आणि गोळा बाहेर उलटतो. टवका उडालेल्या बशीला गोट कितीही सुबक शिवली तरी गोळा घसरायचा राहत नाही.

पहिली पायरी: खांद्याचा इतिहास कागदावर लिहा

डॉक्टरकडे जाण्याआधी घरी बसून लिहून काढा. पहिल्यांदा कधी आणि कसा निखळला? चढाईत हात ओढला गेला, दहीहंडीच्या थरावरून पडलात, की गाडी घसरली? त्यानंतर किती वेळा? पूर्ण निखळून दवाखान्यात बसवावा लागला ते प्रसंग वेगळे लिहा, आणि 'सरकला, पण आपोआप आत गेला' ते वेगळे. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे आता तो किती सहज निघतो. पहिल्यांदा जोरदार आपटावं लागलं होतं, आणि आता लोकलमध्ये वरची कडी धरली की सरकतो, शर्टाची बाही चढवताना सरकतो, झोपेत हात उशीवर गेला की सरकतो, असं असेल तर हाड गेल्याचा संशय बळावतो. हात पुरता वर नेण्याआधीच, अर्ध्या वाटेवर भीती वाटायला लागणं हीसुद्धा तशीच खूण आहे.

फिट येत असतील तर लपवू नका. लग्नाच्या वयाच्या मुलांच्या घरी ही गोष्ट दडवली जाते, मी पाहिलंय. फिटमध्ये स्नायू इतक्या ताकदीने आवळतात की हाडाचं नुकसान मोठं होतं, आणि फिट आटोक्यात नसताना बसवलेलं हाड पुढच्या फिटमध्ये तुटू शकतं. आधी न्यूरॉलॉजिस्ट, मग आम्ही.

आणि एक विनंती. खांदा निखळला की मित्राकडून किंवा हाडवैद्याकडून ओढून बसवून घेऊ नका. सोबत हाड मोडलेलं असेल तर ओढाताणीत ते आणखी सरकतं, नस ताणली जाते. दवाखान्यात एक्स-रे काढून बसवला की नंतर दुसरा एक्स-रे मागा. दंडाच्या वरच्या बाहेरच्या भागावर, डाव्या हाताला बीसीजीची खूण असते साधारण त्या पट्ट्यात, बधिरपणा वाटतो का तेही सांगा. तिथली नस खांद्याला अगदी लगटून जाते.

दुसरी पायरी: तपासण्या, आणि सेंटरवर काय सांगायचं

एक्स-रे हवाच. एमआरआयमध्ये गोट, अस्थिबंध आणि स्नायूंचे पट्टे दिसतात. चाळिशीनंतर पहिल्यांदा खांदा निखळला असेल तर एमआरआय किंवा सोनोग्राफी विशेष गरजेची, कारण त्या वयात गोटीपेक्षा स्नायूंचा पट्टा फाटण्याची शक्यता जास्त असते, आणि मग उपचारच वेगळा. पण हाडासाठी सीटी. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर हे स्पष्ट लिहिलेलं असू द्या: दोन्ही खांदे, थ्रीडी, आणि दंडाचा गोळा वगळून वाटीचं समोरून चित्र. गोळा वगळलेलं चित्र नसेल तर वाटी त्याच्या आड झाकलेली राहते आणि मोजमाप अंदाजपंचे होतं. फिल्मसोबत सीडी मागून घ्या. आम्ही मोजतो ते सीडीवर.

मोजायचं कसं, ते एकदा आकड्यांत पाहू. निरोगी वाटीचा खालचा भाग जवळजवळ वर्तुळाकार असतो. चित्रावर त्या भागात चपखल बसणारं वर्तुळ काढायचं. समजा व्यास २८ मिलिमीटर भरला आणि पुढची ६ मिलिमीटर रुंदी हाडाविना रिकामी दिसली. ६ भागिले २८, म्हणजे साधारण २१ टक्के हाड गेलं.

आता गोळ्याची खाच. हात वर करून मागे नेताना गोळा वाटीच्या ज्या पट्ट्यावर टेकत सरकतो, त्याची रुंदी निरोगी वाटीच्या रुंदीच्या सुमारे ८३ टक्के धरतात. हाड गेलं असेल तर तेवढं वजा करायचं. आपल्या उदाहरणात २८ चे ८३ टक्के म्हणजे २३.२, त्यातून ६ गेले, उरले १७.२ मिलिमीटर. मग खाचेची रुंदी, आणि तिच्या बाहेरच्या कडेपासून स्नायूपट्टा गोळ्याला जिथे चिकटतो तिथपर्यंत उरलेलं हाड, यांची बेरीज करायची. ती समजा २० आली. २० हे १७.२ पेक्षा जास्त, म्हणजे खाच त्या पट्ट्याच्या बाहेर पोचते आणि कडेत अडकणार. रिपोर्टवर याला 'ऑफ-ट्रॅक' लिहितात. बेरीज कमी असती तर 'ऑन-ट्रॅक'. एवढं समजलं की तुम्ही सर्जनशी बरोबरीने बोलू शकता.

तिसरी पायरी: टाके की हाड

बर्कहार्ट आणि डी बीअर यांनी २००० साली दुर्बिणीतून टाके घातलेल्या १९४ खांद्यांचा हिशेब मांडला. हाडाचं मोठं नुकसान नसलेल्यांत खांदा पुन्हा निखळण्याचं प्रमाण ४ टक्के होतं, नुकसान असलेल्यांत ६७ टक्के. शिवण्याची पद्धत तीच, फरक हाडाचा. त्या आकड्यांनी आमच्या पिढीची विचार करण्याची पद्धत बदलली.

वाटीचं २० ते २५ टक्के किंवा जास्त हाड गेलं असेल तर हाड बसवावं, याबद्दल फारसा वाद नाही. खांद्याजवळच्याच एका हाडाचा तुकडा कापून वाटीच्या कडेवर स्क्रूंनी बसवायचा, हीच लाटार्जे शस्त्रक्रिया. नुकसान नगण्य आणि खाच ऑन-ट्रॅक असेल तर टाके उत्तम, तिथे हाड कापायला जाऊ नये. वाद आहे तो मधल्या पट्ट्यात. अमेरिकन लष्करातल्या रुग्णांवरच्या २०१५ च्या एका अभ्यासात असं दिसलं की १३.५ टक्क्यांच्या पुढे हाड गेलं असेल तर टाक्यांनंतर खांदा निखळला नाही तरी माणूस त्या हातावर पूर्ण भरवसा ठेवू शकत नाही. म्हणून मधल्या पट्ट्यात मी टक्केवारीइतकंच त्या माणसाकडे पाहतो.

त्यासाठी एक सोपी गुणपद्धत आहे, ती घरीही करून पाहता येते. शस्त्रक्रियेच्या वेळी वय २० किंवा कमी: २ गुण. स्पर्धात्मक खेळ: २. खेळ अंगाला भिडण्याचा किंवा हात डोक्यावर नेण्याचा: १. सांधे मुळातच सैल: १. साध्या एक्स-रेत, हात बाहेर वळवलेला असताना, गोळ्यावर खाच दिसते: २. एक्स-रेत वाटीची खालची कड पुसट झालेली: २. एकूण १०. बाल्ग आणि ब्वालो यांनी २००७ मध्ये ही मांडली, आणि बेरीज ६ च्या वर गेली तर नुसते टाके पुरत नाहीत असा त्यांचा निष्कर्ष होता. जिल्ह्याकडून कबड्डी खेळणारा १९ वर्षांचा मुलगा, एक्स-रेत खाच दिसतेय: २ अधिक २ अधिक १ अधिक २, झाले ७. हाच एक्स-रे असलेल्या, कार्यालयात बसून काम करणाऱ्या ३५ वर्षांच्या माणसाचे गुण २ भरतात.

वाटी बऱ्यापैकी शाबूत आणि खाच मात्र मोठी असेल तर टाक्यांसोबत मागचा स्नायूपट्टा त्या खाचेत बसवून ती बुजवतात. याला 'रॉम्प्लिसाज' म्हणतात, फ्रेंचमध्ये त्याचा अर्थच भरणे. हात बाहेर वळवणं त्यात थोडं कमी होतं, त्यामुळे गोलंदाज किंवा भालाफेकपटू असेल तर आधी बोलून घ्यावं. याउलट वाटीचं फारच हाड गेलं असेल, किंवा आधी केलेली लाटार्जे फसली असेल, तर कमरेच्या हाडाचा तुकडा आणून बसवावा लागतो.

चौथी पायरी: तयारी

तंबाखू बंद. हे मी सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जास्त वेळा सांगतो. सिगारेट, बिडी, मावा, मिश्री, सगळ्यांत निकोटिन आहे, ते बारीक रक्तवाहिन्या आवळतं आणि बसवलेलं हाड जुळत नाही. शस्त्रक्रियेआधी निदान ४ ते ६ आठवडे आणि नंतर हाड जुळेपर्यंत पूर्ण बंद. साखर असेल तर आटोक्यात आणा. काखेत पुळी किंवा गजकर्ण असेल तर दाखवा. तारीख पुढे ढकलावी लागली तरी चालेल, पण आत जंतू नकोत.

सर्जनला मोकळेपणाने विचारा: ही शस्त्रक्रिया तुम्ही किती वेळा केली आहे, उघडी करता की दुर्बिणीतून? दोन्हींचे निकाल चांगले आहेत. दुर्बिणीतून लाटार्जे करणं मात्र फार कौशल्याचं काम आहे आणि नसा जवळ असतात. माझं मत असं की छेद लहान की मोठा याकडे न पाहता त्या सर्जनचा हात कोणत्या पद्धतीत बसलाय ते पाहावं. पाच-सहा सेंटिमीटरचा व्रण काखेच्या घडीत लपून जातो.

विम्याची पूर्वपरवानगी आधीच घ्या, स्क्रूचा खर्च त्यात धरलाय का ते पाहा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात जात असाल तर तिथल्या आरोग्यमित्राकडे आपली शस्त्रक्रिया यादीत बसते का, हे दाखल होण्यापूर्वीच विचारा.

घरी पुढून बटणं असलेले सैल शर्ट काढून ठेवा. आणि नाडीचे पायजमे बाजूला ठेवून इलॅस्टिकचे घ्या. एका हाताने नाडी बांधता येत नाही, आणि पहिल्याच सकाळी ही अडचण रडवेली करते.

पाचवी पायरी: ऑपरेशन थिएटरमध्ये काय होतं

लियाँच्या मिशेल लाटार्जे यांनी १९५४ मध्ये ही शस्त्रक्रिया सांगितली. आपल्याकडच्या कागदांवर 'लॅटरजेट' असंही लिहिलेलं दिसेल, एकच ते. पूर्ण भूल देतात, शिवाय मानेजवळ इंजेक्शन देऊन हात बधिर करतात, म्हणजे पहिली रात्र सुखाची जाते. त्या इंजेक्शननंतर काही तास आवाज घोगरा होणं, एका डोळ्याची पापणी जड होणं, श्वास अपुरा वाटणं हे होऊ शकतं. बधिरपणा उतरला की जातं. नातेवाईक घाबरतात, म्हणून आधीच सांगतो.

रुग्णाला आरामखुर्चीत टेकल्यासारखं बसवतात. खांद्याच्या पुढच्या बाजूला, कोराकॉइडच्या टोकापासून खाली छेद. कोराकॉइड म्हणजे फऱ्याच्या हाडाचा पुढे आलेला बाक, नावच ग्रीक भाषेत कावळ्यावरून पडलंय आणि दिसतोही चोचीसारखा. गळपट्टीच्या हाडाखाली, बाहेरच्या टोकाकडे बोट दाबलंत तर स्वतःलाही लागेल. त्याच्या टोकाला बायसेप्सचा एक पट्टा आणि आणखी एक स्नायू, एकाच कंडऱ्याने, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीने, चिकटलेले असतात. ही चोच बुडाकडून कापायची, अडीच सेंटिमीटरच्या आसपास तुकडा मिळतो, आणि कंडरा त्याला तसाच जोडलेला ठेवायचा. याच कंडऱ्यात थोडं खाली दंडाची एक नस शिरते, म्हणून तिथे ओढाताण करायची नाही.

तुकड्याची खालची बाजू खरवडून ताजी, रक्त येणारी करतात. त्यात दोन भोकं. मग खांद्यापुढचा सबस्कॅप्युलॅरिस स्नायू तोडायचा नाही, त्याच्या धाग्यांच्या दिशेने फट पाडून आत जायचं. वाटीची झिजलेली कडही तशीच ताजी करायची, तुकडा तिथे टेकवायचा आणि दोन स्क्रूंनी आवळायचा.

इथे माझा श्वास दर वेळी थोडा थांबतो. तुकडा वाटीच्या पृष्ठभागाशी अगदी समपातळीत यायला हवा. मी बोट वाटीवरून तुकड्यावर आणि परत असं फिरवतो. कंगोरा लागता कामा नये. तुकडा दोन मिलिमीटर बाहेर आला तर गोळा त्यावर घासत राहील आणि काही वर्षांत संधिवात सुरू होईल. फार आत गेला तर आधार मिळणार नाही आणि खांदा पुन्हा निखळेल. उंचीही महत्त्वाची: वाटीच्या मध्यरेषेच्या खाली, जिथून हाड गेलंय तिथेच. स्क्रू पुरते आवळण्याआधी चुकलंय असं वाटलं तर मी काढून पुन्हा बसवतो, त्यात दहा मिनिटं जातात आणि ती वाचवण्यासारखी नाहीत.

आधार नुसत्या हाडाचा नसतो. वाटी रुंद होते हा एक भाग. हात वर करून बाहेर वळवला की तो कंडरा गोळ्यापुढे पट्ट्यासारखा ताणला जातो आणि त्याला मागे धरतो, हा दुसरा. सांध्याचं आवरण परत शिवतात, तो तिसरा. गोळ्यावर खाच असूनही लाटार्जे टिकते ती या तिहेरी पकडीमुळे.

सहावी पायरी: पहिले सहा आठवडे

हात पिशवीत ३ ते ६ आठवडे, सर्जन सांगेल तसा. बधिरपणा उतरायच्या आतच वेदनेची गोळी घ्या, उतरल्यावर नव्हे. बोटं, मनगट पहिल्या दिवसापासून हलवा. रात्री दोन-तीन उशांवर अर्धवट बसल्यासारखं झोपा आणि कोपराखाली एक उशी ठेवा, म्हणजे कोपर मागे पडत नाही. काख धुवायची असेल तर पुढे वाका, हात आपोआप लोंबकळेल, त्या जागेतून ओला रुमाल फिरवा.

मुलं चुकतात ती कोपराच्या बाबतीत. खांदा दुखत नाही, मग बरं झालं असं समजून पाण्याची बादली उचलतात. कोपर वाकवून वजन उचललं की बायसेप्स ताणतो, आणि त्याचा तो पट्टा नेमक्या नव्या बसवलेल्या हाडालाच जोडलेला आहे. म्हणजे तुम्ही तुमच्या हाताने तो तुकडा खाली ओढत असता. चहाचा कप चालेल. बादली, दप्तर, लहान मूल, गॅस सिलेंडर ६ आठवडे नाही. वजनाशिवाय कोपर वाकवणं-सरळ करणं मात्र रोज करा, नाहीतर कोपर आखडतो.

फिजिओच्या हाताने खांदा हळूहळू वर न्यायचा. बाहेर वळवण्याची मर्यादा या काळात बहुधा ३० अंशांच्या आसपास ठेवतात. तेल लावून जोराने चोळणारे, 'मोकळा करून देतो' म्हणणारे यांना दूर ठेवा.

ताप, जखमेतून पाणी, वाढती सूज, हाताला नव्याने आलेला बधिरपणा, खटकन आवाज येऊन अचानक सुरू झालेली वेदना, यांतलं काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. गुंतागुंती होतात, हे लपवण्यात अर्थ नाही: हाड न जुळणं, तुकडा मोडणं किंवा विरघळणं, स्क्रू टोचणं, नस ताणली जाणं. नसांचा त्रास बहुतेकदा काही आठवड्यां-महिन्यांत भरून येतो. काहींना दुसरी शस्त्रक्रिया लागते.

सातवी पायरी: परत मैदानाकडे

सहाव्या आठवड्याला एक्स-रे. ठीक असेल तर पिशवी सुटते आणि रबरी पट्ट्यांवर ताकदीचा व्यायाम सुरू होतो, आधी फऱ्याचे स्नायू, मग दंडाचे. स्कूटर-बाईक साधारण ६ ते ८ आठवड्यांनी, तीही दोन्ही हातांनी हँडल झटकन वळवता येत असेल तर. दंड-बैठकांतल्या बैठका चालतील, दंड मात्र तीन महिन्यांच्या आधी नकोत. मल्लखांब तर आणखी पुढे.

अंगाला भिडणाऱ्या खेळासाठी मी सीटी करून हाड जुळल्याचं पाहिल्याशिवाय होकार देत नाही. साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात ती वेळ येते. कबड्डीपटूला आधी नुसती पायांची चढाई, हात न लावता. मग एकाच ओळखीच्या बचावपटूशी, ठरवून. मग सराव सामना. आधी निखळलेला तो प्रसंग डोक्यात असतोच. हात लांब टाकताना खांदा क्षणभर मागे खेचला जातो, आणि ते प्रशिक्षकाच्या नजरेला लगेच दिसतं. तिथे घाई केली तर मुलगा दुसऱ्याच सांध्याला दुखापत करून घेतो. फिजिओ, प्रशिक्षक आणि मी, तिघांनी हो म्हटल्यावरच तो सामन्याला उतरतो.

वर्षाने एक एक्स-रे काढा. शस्त्रक्रियेआधीची आणि नंतरची सीटीची सीडी, डिस्चार्ज कार्ड आणि स्क्रूच्या पाकिटावरचे स्टिकर एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवा. दहा वर्षांनी वेगळ्या गावात, वेगळ्या डॉक्टरला त्या खांद्याचा एमआरआय करायचा झाला, तर आत कोणते आणि कसले स्क्रू आहेत हे त्याला त्या स्टिकरवरूनच कळेल.